लुईचा राजवाडा आणि आमचा मोत्या

मुलाने फ्लॅटमध्ये लाकडी जमीन करून घेतली, तेव्हा ‘पाणी टाकू नका’ हे एकच वाक्य सुतार तीनदा बोलला. एकदा मुलाला, एकदा मला आणि एकदा मोत्याकडे बघून. मोत्या चौदा वर्षांचा. त्याचं ऐकणं आणि आवरणं दोन्ही बरोबरच गेलं आहे.

पण सौ.च्या मते स्वच्छता म्हणजे बादली. पहिल्याच आठवड्यात मोत्याने दिवाणखान्यात कार्यक्रम उरकला आणि हिने त्यावर पाऊण बादली पाणी ओतलं. दोन-चार वेळा असं झाल्यावर तीन फळ्यांच्या कडा वर आल्या, मधोमध काळा डाग पडला. मुलगा रागावला नाही. ‘बाबा, मोत्याला आता गॅलरीत ठेवू या का?’ एवढंच म्हणाला. मला तो राग परवडला असता.

अडचणीत सापडलेला निवृत्त मास्तर इतिहासाकडेच धावणार! व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईने आधी संगमरवरी फरशी घातली होती. ती धुवायची म्हणजे पाणी आलं. ते सांध्यांतून झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजू लागल्या. अखेर १६८४ साली संगमरवर निघाला आणि ओकच्या चौकटी बसल्या. पाण्याऐवजी मेण आलं. ते घासायला खास नोकर असत. पायाला ब्रश बांधून ते दालनभर घसरत फिरायचे. (पगार घेऊन घसरगुंडी!) आणि कुत्री? पंधराव्या लुईची कुत्री ज्या खोलीत झोपत, तिला आजही ‘कुत्र्यांचं दालन’च म्हणतात. म्हणजे मजल्यापायी राजवाड्यातून पाणी गेलं, कुत्री राहिली.

आमच्या लहानपणच्या वाड्यात माडीला तक्तपोशीच होती. पण तिच्यावर मातीचा थर आणि वर शेणाचं सारवण. मांजराने काय केलं ते पुढच्या सारवणात बुजायचं. फळीला पत्ताही नसे.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. सौ. म्हणाली, ‘लुईच्या घरी सोवळं नव्हतं.’ तरी बादली मोरीत गेली. आता मोत्याने काही केलं की ताबडतोब जुना पंचा टाकून टिपायचं, चोळायचं नाही. मग घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. अमोनियावालं औषध तर नकोच. त्याचा वास मुताच्या इतका जवळचा, की मोत्याला ती जागा आपल्याच नावावर वाटते. त्याची नखं मी कापतो. रात्री दोनला त्याला खाली नेणंही माझ्याकडे.

परवा पहाटे दिवाणखान्यात खसखस ऐकू आली. मुलगा दोन्ही पायांखाली फडकी घेऊन घसरत होता आणि मागून मोत्या लंगडत चालला होता.

‘आई उठायच्या आत कोरडं करतोय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही पंचा आणा.’