लहान दुचाकीची घरगुती बांधणी व जुळणी

लहान दुचाकीची घरगुती बांधणी म्हणजे जुन्या मोपेडच्या किंवा मोटारसायकलच्या इंजिनात, सांगाड्यात व चाकांत फेरबदल करून, अथवा निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणून, घरी किंवा लहान गॅरेजमध्ये आपल्या गरजेची गाडी तयार करणे. गाडी उभी राहिल्यानंतर ठिणगी, इंधनमिश्रण, चेन, चाके आणि ब्रेक हे परस्परांना अनुरूप करण्याच्या कामाला या लेखात ‘जुळणी’ म्हटले आहे. कारागीर त्यालाच ‘ट्यूनिंग’ किंवा नुसते ‘सेटिंग’ म्हणतात. बांधणीचे काम काही आठवड्यांत उरकते. जुळणीला मात्र अंत नसतो, आणि गाडी चांगली की वाईट हे बहुतांशी जुळणीवरच ठरते.

लेखात मुख्यतः ५० घनसेंमीच्या आसपासच्या द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांचा विचार केला आहे. घरी बांधलेली किंवा मोठे फेरबदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास कायद्याच्या गंभीर अडचणी आहेत. त्यांची माहिती शेवटच्या विभागात दिली असली, तरी काम सुरू करण्यापूर्वीच ती वाचणे इष्ट.

पार्श्वभूमी: नगर आणि लुना

महाराष्ट्रात या विषयाचा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराशी जवळचा संबंध आहे. हस्तीमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्यातून १९७२ मध्ये ‘लुना’ ही मोपेड बाजारात आणली. हस्तीमल हे स्वातंत्र्यसैनिक व मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव. लुनाचा मूळ आराखडा इटलीतील पियाजियो कंपनीच्या ‘चाओ’ या १९६७ मधील मोपेडवर आधारलेला होता. सायकलसारखे पायडल, आपोआप जुळणारा व सुटणारा क्लच आणि गिअरचा संपूर्ण अभाव ही तिची वैशिष्ट्ये होत. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे त्या काळात शिक्षक, कारकून, दूध घालणारे आणि छोटे दुकानदार यांच्या आवाक्यात आलेली ही गाडी होती. पुढे १९८० मध्ये तमिळनाडूतील होसूरहून टीव्हीएस ५० आली आणि मोपेडचा बाजार आणखी विस्तारला.

उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, चारघाती मोटारसायकली लिटरमागे अधिक अंतर देऊ लागल्या आणि पेट्रोलवरील लुनाचे उत्पादन थांबले. तिचे विजेवर चालणारे रूप ‘ई-लुना’ कायनेटिक ग्रीन या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणले. पहिल्या लुनाची इंजिने मात्र गोठ्यांत, माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत अजूनही सापडतात. त्यांत मोजके हलते भाग असतात. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाचा पंप नाही. एक पिस्टन, एक क्रँक आणि एक मॅग्नेटो. चार पाने, एक पुलर आणि थोडा धीर असला की इंजिन टेबलावर पूर्ण उलगडते. नवशिक्याने बांधणीचा आरंभ अशा इंजिनापासून करावा, हे योग्यच होय.

सांगाडा

सांगाड्यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे हँडलचा दांडा ज्यातून जातो ती मान. मान उभ्या रेषेशी जो कोन करते त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. मानेच्या मध्यातून जाणारी रेषा कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवली, तर ती पुढच्या चाकाच्या टेकणबिंदूच्या काहीशी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतर लहान गाड्यांत साधारण ८ ते १० सेंमी असते. ते फार कमी झाले तर हँडल वेगात थरथरते. फार वाढले तर गाडी वळणावर जड होते. चित्रपटांतील गाड्यांसारखा पुढचा भाग लांबवण्याच्या हौसेत मान कापून तिरकी जोडली जाते, तेव्हा हे अंतर बिघडते आणि सारा भार एका जोडावर येतो.

पातळ नळीवर जाड वेल्डिंग करू नये. अति उष्णतेने जोडाशेजारची नळी ठिसूळ होते आणि तडा बहुधा वेल्डिंगवर न पडता त्याच्या कडेला पडतो. जुन्या सायकली व मोपेडच्या सांगाड्यांत खोबणीत नळी बसवून पितळी वेल्डिंग केलेले असे. त्यामागचे कारण हेच. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढपर्यंत दोरी ताणून पाहता येते. स्पोकच्या चाकाचा आउट काढणे हे कौशल्याचे काम आहे. ते सायकलच्या दुकानातील जुन्या कारागिराकडे सोपवलेले बरे.

इंजिनाची जुळणी

जुळणीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम दाब, मग ठिणगी आणि शेवटी कार्बोरेटर. हौशी माणूस बहुतेक वेळा उलट सुरुवात करतो. गाडी नीट चालेना की कार्बोरेटरचे स्क्रू पिळतो. ठिणगी मंद असली तरी प्लग काळा पडतो आणि मिश्रण दाट झाले तरी काळाच पडतो. ठिणगीचा दोष शिल्लक ठेवून मिश्रण पातळ केले, तर एका दोषाचे दोन होतात.

दाब चांगला आहे का, हे किक किंवा पायडल मारताना लागणाऱ्या अडसरावरून कळते. मापक असेल तर उत्तमच. सिलिंडर झिजला असल्यास तो लेथवाल्याकडून बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. येथे एक गणित पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा व्यास ३८.४ मिमी आणि पिस्टनची धाव ४३ मिमी असेल, तर घनफळ ४९.८ घनसेंमी येते. व्यास अवघा अर्धा मिमी वाढवला की तेच घनफळ ५१.१ होते. सोळा वर्षांच्या मुलामुलींना चालवण्याची मुभा असलेल्या दुचाकीची कायदेशीर मर्यादा ५० घनसेंमी आहे, हे घरातील मुलासाठी गाडी बांधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

द्विघाती इंजिनात नवे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे पेटीचे दोन्ही ऑईल सील हवाबंद असावे लागतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात हे सील कडक झालेले असतात. त्यांतून हवा शिरली की मिश्रण पातळ होते, आणि कार्बोरेटर कितीही जुळवला तरी इंजिन एकसारखे चालत नाही. अंदाजावर दिवस घालवण्यापेक्षा दोन्ही सील बदलून टाकणे स्वस्त पडते.

ठिणगीसाठी मॅग्नेटोचे पॉइंट साफ करून त्यांतील फट साधारण ०.४ मिमी ठेवतात, प्लगची फट ०.५ ते ०.६ मिमी. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ठिणगी पडावी लागते. अनेक लहान इंजिनांत हे अंतर सुमारे दीड ते दोन मिमी असते, परंतु ज्या त्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून चाक हळूहळू फिरवतात. कागद सैल होतो तो ठिणगीचा क्षण. ठिणगी फार आधी पडली तर गाडी क्षणभर चपळ वाटते. मात्र पिस्टनचा माथा तापून त्याला भोक पडू शकते.

इंधनात तेल मिसळण्याचे प्रमाण हा वादाचा विषय आहे. सामान्यतः लिटरमागे २० ते ४० मिली टू-टी तेल घालतात आणि नव्याने बोअर केलेल्या इंजिनाला पहिल्या काही टाक्या अधिक तेल देतात. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, असे सरसकट मानू नये. तेलाने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजेच मिश्रण किंचित पातळ होते. शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साठते.

कार्बोरेटरची जुळणी प्लगच्या रंगावरून तपासण्याची रीत जुनी आहे. गाडी पूर्ण वेगात काही अंतर चालवून, इंजिन लगेच बंद करून प्लग काढतात. चिनी मातीचा भाग काथासारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळा व ओलसर असेल तर दाट, पांढराफटक असेल तर पातळ. दाट मिश्रणाने धूर होतो आणि पैसा जातो. पातळ मिश्रणाने पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. गिअरच्या गाडीत अशा वेळी मागचे चाक जागीच थांबते आणि चालक फेकला जातो. म्हणून नव्या जुळणीची सुरुवात मोठ्या जेटने करून एकेक पायरी खाली यावे, लहान जेटवरून वर जाऊ नये. पहिल्या फेऱ्यांत डाव्या हाताची बोटे क्लचवर असावीत.

उंची आणि इथेनॉल

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईच्या तुलनेत सुमारे ६ टक्के विरळ असल्याने मुंबईत जुळवलेली गाडी नगरला किंचित दाट चालते. याच्या उलट परिणाम इथेनॉलचा होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ भाग. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवे. नव्या गाड्यांतील संगणकीय यंत्रणा हा फरक आपोआप सांभाळते. जुन्या कार्बोरेटरला तो समजत नाही. पूर्वी व्यवस्थित चालणारी मोपेड आता तापते, अशी तक्रार असेल तर आधी याच दिशेने पाहावे आणि मुख्य जेट एक माप वाढवून प्लग तपासावा.

प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून उसाशी जोडला गेलेला हा जिल्हा इथेनॉलच्या अर्थकारणाचाही भागीदार आहे. जिल्ह्याच्या शेतात जे पिकते तेच जिल्ह्यात घडलेल्या गाडीचा जेट बदलायला लावते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते आणि हवेतील ओल शोषते. पाणी पुरेसे साठले की ते इथेनॉलसह तळाला वेगळे होते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व कार्बोरेटरची वाटी म्हणूनच रिकामी करून ठेवावी.

सायलेन्सर आणि ब्रेक

सायलेन्सरची आतली नळी काढून टाकली की गाडी ‘पळते’, हा समज द्विघाती इंजिनाबाबत बहुधा चुकीचा ठरतो. या इंजिनात धुराबरोबर काही ताजे मिश्रणही बाहेर पडू पाहते. सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ते आत ढकलते. लाट नाहीशी झाली की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. काजळीने बुजलेला सायलेन्सर साफ करणे मात्र खरोखर उपयुक्त आहे.

वेग वाढवण्याआधी ब्रेक वाढवावेत. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, मध्यम ब्रेक धरून, ताशी ४० किमी वेगातील गाडी सुमारे साडेबारा मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी ६० किमीला तिला २८ मीटर लागतात. मोपेडचे लहान ड्रम दुसऱ्या आकड्यासाठी बनवलेले नसतात.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाची मूळ रचना बदलून नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जेट, प्लग, पॉइंट, चेन यांची देखभाल यात मोडत नाही. सांगाडा कापणे मोडते आणि दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणेही मोडते.

पूर्णपणे नव्याने बांधलेल्या गाडीची वाट याहून बिकट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था, नगरमध्येच आहे. तथापि ही व्यवस्था कारखानदारांसाठी आखलेली आहे. एकुलती एक गाडी बांधणाऱ्या कारागिराला तिचा खर्च व कागदपत्रे पेलणारी नाहीत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचे देशभर कौतुक झाले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी, ही गाडी नियमांत बसत नाही हे स्पष्टपणे सांगून, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली व पुढच्या महिन्यात ती दिलीही. कौतुक आणि परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या प्रसंगात दिसले. हौशी बांधणाऱ्यांसाठी स्वतंत्र, स्वस्त तपासणीची सोय असावी ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती होईपर्यंत अशी गाडी खाजगी आवारातच चालवता येते.

जुनी गाडी मूळ रूपात दुरुस्त करून वापरणे मात्र शक्य आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे टिकते; त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. नगर कार्यालयाचा क्रमांक एमएच-१६ आणि श्रीरामपूरचा एमएच-१७. इंजिन व सांगाडा यांवरील मूळ क्रमांक घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले नसावेत, म्हणून रंगकामापूर्वी सांगाडा घासताना त्या जागेवर कागद चिकटवून ठेवतात. भंगारातून इंजिन घेतानाही विक्रेत्याकडून पावती घ्यावी; क्रमांक चोरीच्या गाडीचा निघाल्यास तोच एक पुरावा असतो.

फेरबदलांपैकी एक प्रकार कायद्याने स्पष्टपणे मान्य केला आहे. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी मोपेडला मागे दोन आधाराची चाके जोडणे किंवा ब्रेक हाताशी आणणे यांस नोंदणी अधिकाऱ्याची संमती मिळू शकते, आणि अशा गाडीची नोंद ‘अनुकूलित वाहन’ म्हणून होते. चाकांची ही जोडणी करताना मूळ सांगाड्याला भोके न पाडता पट्ट्यांनी आवळलेली वेगळी चौकट वापरतात. वळणावर गाडी झुकत नसल्याने वेग बराच कमी ठेवावा लागतो.