कोवळ्या कोळंबीला वाट देणारे जाळे

संयुक्त अरब अमिरातीच्या सागरी हद्दीत ट्रॉल मासेमारीस बंदी आहे. समुद्रतळावरून ओढले जाणारे हे जाळे लहानमोठ्या जीवांना सरसकट गोळा करते. तारेच्या ‘गरगूर’ सापळ्यांवरही अबू धाबीने २०१९ मध्ये बंदी आणली. भारतात मात्र समुद्रातील कोळंबी पकडण्याचे ट्रॉल हेच मुख्य साधन असल्याने तेथे बंदीपेक्षा जाळ्याच्या रचनेतील बदलावर भर दिला जातो.

जाळ्याच्या शेवटी पिशवीसारखा भाग असतो. त्याला कोळी ‘खोला’ म्हणतात. पारंपरिक खोल्याचे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे ओढले जाऊ लागले की ते मिटतात आणि अपरिपक्व कोळंबी आत अडकते. चौकोनी आसाचे धागे ओढीच्या दिशेला समांतर व काटकोनात असतात. त्यामुळे ताण बसूनही आस उघडे राहतात.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा खोल्यांच्या चाचण्या घेतल्या आहेत. चाचणीची एक प्रचलित पद्धत सोपी आहे. खोल्याभोवती बारीक आसाचे दुसरे आवरण बांधतात. खोल्यातून निसटलेली कोळंबी आवरणात सापडते. दोन्हींची लांबी मोजून, कोणत्या लांबीची निम्मी कोळंबी सुटते आणि निम्मी अडकते, हे काढले जाते. ही लांबी प्रथम प्रजननाच्या लांबीपेक्षा फार कमी भरली, तर आस लहान आहे असे समजावे.

गुजरातने २००३ च्या नियमांत ट्रॉलच्या खोल्यासाठी किमान ४० मि.मी. चौकोनी आस ठरवून दिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी निश्चित केली. या दोन उपायांत महत्त्वाचा भेद आहे. बंदरावर मोजलेली कोळंबी बहुधा मेलेली असते. तिला परत समुद्रात सोडून उपयोग नाही. आस मात्र पाण्यातच निवड करतो.

अडचण मच्छीमाराच्या हिशेबात आहे. मोठ्या आसातून कोवळ्या जीवांबरोबर लहान चणीची, पण पूर्ण वाढलेली कोळंबीही निसटते आणि त्या दिवसाची कमाई घटते. जवळा तर पूर्ण वाढूनही जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. त्याला बारीक आसाचेच जाळे लागते. म्हणून एकच आस सर्व जाळ्यांना लावता येत नाही. किती कोवळी कोळंबी वाचली, याबरोबरच विक्रीयोग्य किती हातची गेली, हेही चाचणीने सांगितले, तरच नवा खोला होडीवर टिकेल.