परोपजीवी परग्रहवासी आणि यजमानाची इच्छा

परग्रहावरचा परोपजीवी जीव माणसाच्या देहाचा ताबा घेतो, ही कल्पना विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी-मालिकांत वारंवार आली. परंतु हा ताबा कशाच्या बळावर राहतो, याचे उत्तर मात्र पालटत गेलेले दिसते. (बाधित माणसास आपण यजमान म्हणू, जरी पाहुण्यास त्याने बोलाविलेले नसते.)

नायजेल नीललिखित ‘क्वाटरमास २’ ही सहा भागांची मालिका बीबीसीने १९५५ साली दाखविली. तीत पोकळ उल्कापाषाणांतून निघालेला वायू माणसास बाधतो, अंगावर खूण उमटते आणि तो निमूटपणे परक्यांची आज्ञा पाळू लागतो. बाधितांत वरिष्ठ सरकारी अधिकारीही असतात, हे अधिक भयावह होय. कारण कृत्रिम अन्नाच्या नावाखाली उभारलेला परक्यांचा कारखाना त्यामुळे शासकीय गोपनीयतेच्याच आड सुरक्षित राहतो.

‘स्टार ट्रेक’मधील १९६७ सालच्या एका भागातील जीव डंख मारून मज्जासंस्थेत तंतू पसरवितात. वेदना हेच त्यांचे शस्त्र. बाधित स्पॉक ती मनोनिग्रहाने सोसतो. अर्थात येथे इच्छा दडपली जाते, नाहीशी होत नाही.

१९९७ साली सुरू झालेल्या ‘स्टारगेट एसजी-१’मध्ये हा धागा पुढे जातो. सर्पाकृती गोआउल्ड शरीरात शिरल्यावर यजमान आत जागा, पण हतबल असतो. त्याच जातीचे टोकरा मात्र संमतीवाचून कोणाच्या देहात शिरत नाहीत, आणि मग दोघेही एकाच मुखाने आळीपाळीने बोलतात.