वाट जवळची कीं क्रम बिनचूक?

रेल्वेच्या जंक्शनावरील सांधेवाल्याकडे उतारूंचें लक्ष क्वचितच जातें. गाडी भलत्या रुळावर गेली म्हणजेच त्याची आठवण होते. बँका, इस्पितळें व सरकारी दफ्तरें यांचे हिशेब आतां डिस्कांच्या ज्या कपाटांत सांठविले जातात, त्या कपाटांच्या आणि संगणकांच्या मधोमधही असेच सांधेवाले बसविलेले असतात. त्यांस स्विच म्हणतात. माहितीचा कोणता तुकडा कोणत्या वाटेनें धाडावा हें स्विच ठरवितो. पण तें कोणत्या नियमानें ठरवावें, हें व्यवस्थापकानें आधीं नेमून द्यावयाचें असतें. या नेमणुकीमागें मोठा इतिहास आहे.

१९५६ सालीं अॅम्स्टरडॅम शहरांत एड्सखर डाइक्स्ट्रा नांवाचा तरुण गणिती आपल्या वाग्दत्त वधूसह बाजारहाट करून दमला, आणि दोघेंही एका उपाहारगृहाबाहेर कॉफी घेत बसलीं. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी शोधावी, हा प्रश्न त्याच्या मनांत घोळत होता. सुमारें वीस मिनिटांत उत्तर सांपडलें. जवळ कागद नव्हता कीं पेन्सिल नव्हती! आर्माक नांवाच्या नव्या गणकयंत्राचें सामर्थ्य सामान्य जनांस दाखवावयाचें होतें, त्यासाठीं नेदरलंड्समधील ६४ शहरांचा नकाशा घेऊन हें उदाहरण योजलें होतें. रीत छापून आली ती मात्र १९५९ सालीं. करमणुकीसाठीं मांडलेल्या कोड्यानें पुढें जगाचा टपालव्यवहार चालवावा, ही गोष्ट मौजेची खरी.

१९६९ सालीं अमेरिकेंत अर्पानेट हें संगणकांचें जाळें सुरू झालें. त्यांतील प्रत्येक ठाणें प्रथम शेजाऱ्यांच्या सांगीवरून वाट ठरवी. शेजाऱ्यास खबर उशिरां कळली तर तुकडे त्याच त्या ठाण्यांमध्यें गोल फिरत राहात. म्हणून १९७९ सालीं ही पद्धत बदलण्यांत आली. प्रत्येक ठाण्यानें आपल्या जोडांची स्थिति सर्वांस कळवावी, म्हणजे सर्वांपाशीं एकच नकाशा राहील, आणि त्यावर डाइक्स्ट्राच्या रीतीनें वाट काढावी, असें ठरलें. परंतु २७ ऑक्टोबर १९८० रोजीं अशाच कांहीं खबरा एका यंत्राच्या स्मृतींत बिघडल्या. नवी खबर कोणती व जुनी कोणती हें कोणत्याच ठाण्यास उमगेना. त्याच खबरा सर्वत्र फिरत राहिल्या आणि सारें जाळें कित्येक तास बंद पडलें.

डिस्कांच्या जाळ्यासाठीं फायबर चॅनेल ही योजना १९८८ च्या सुमारास आंखली जाऊं लागली व १९९४ सालीं तीस अमेरिकन मानक संस्थेची मान्यता मिळाली. अशा जाळ्यांत स्विचांस १ ते २३९ पर्यंत क्रमांक देतां येतात. वाटा ठरविण्याचा नियम ब्रोकेड या कॅलिफोर्नियांतील कंपनीनें तयार केला आणि तो २००१ च्या मानकांत समाविष्ट झाला. तो डाइक्स्ट्राच्याच रीतीचा वंशज आहे. प्रत्येक जोडास एक भाडें लावलेलें असतें: १ गिगाबिटास १०००, २ गिगाबिटांस ५००. ज्या वाटेचें एकूण भाडें कमी, ती वाट पसंत. प्रत्येक खबरेस तिचा अनुक्रम व वयही जोडलेलें असतें. अर्पानेटची ती घटना येथें कोणी विसरलेलें दिसत नाहीं.

खरी अडचण निघते ती दोन वाटांचें भाडें सारखें असलें म्हणजे. दोन्ही वाटांनीं तुकडे सोडावे तर वेग वाढतो. पण एका वाटेवर गर्दी झाली कीं मागून निघालेला तुकडा आधीं पोंचतो. पुण्याहून मुंबईस धाडलेल्या एकाच लांब पत्राचीं पानें दोन टपालथैल्यांतून गेलीं, तर वाचणाऱ्याची जी गत होईल तीच डिस्कची होते. फरक इतकाच कीं माणूस पानें लावून घेतो, आणि पुष्कळशीं यंत्रें मात्र सगळा व्यवहार रद्द करतात. मग संगणक अर्धा मिनिट वा अधिक काळ खोळंबून तोच हुकूम पुन्हा धाडतो. बँकेच्या खिडकीपाशीं उभ्या असलेल्या माणसास तेवढा वेळ फार मोठा वाटतो.

यावर पहिला तोडगा अगदीं सोंवळा होता. ज्या दारानें तुकडा आंत आला, त्या दारास एकच वाट कायमची बांधून द्यावी. क्रम बिनचूक राहतो, पण एक वाट ओसंडून वाहते आणि शेजारची रिकामी पडते. दुसरा तोडगा अधिक चतुर. डिस्कशीं होणाऱ्या एकेका वाचनलेखनाचा स्वतंत्र व्यवहार धरावा. एका व्यवहाराचे सर्व तुकडे एकाच वाटेनें जावे, पुढच्या व्यवहारास वाटल्यास दुसरी वाट द्यावी. पत्र एका थैलींत, दुसरें पत्र दुसरींत. बहुतेक ठिकाणीं हाच तोडगा रूढ झाला आणि तें योग्यच झालें. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचा जोड मात्र क्रमाविषयीं अधिक कडक. तेथें जुनी रीत पुष्कळ काळ टिकली.

तरीही एक फट राहते. एखादी केबल तुटली वा दुरुस्त होऊन परत आली कीं वाटा बदलतात, आणि नव्या वाटेचा तुकडा जुन्या वाटेवरच्या तुकड्यास मागें टाकूं शकतो. त्यासाठीं क्रम राखण्याची वेगळी आज्ञा आहे. ती दिली असतां, जुनी वाट रिकामी होईपर्यंत नवे तुकडे रोखले जातात किंवा चक्क टाकून दिले जातात. थोडें नुकसान पत्करावें कीं क्रमभंगाची भीति, हें व्यवस्थापकानें आपल्या यंत्रांची प्रकृति पाहून ठरवावें. ब्रोकेडच्या स्विचांवर वाटांचें मूळ धोरण बदलावयाचें तर आधीं स्विचच बंद करावा लागतो. म्हणून हें काम बहुधा रात्रीं, कामकाज थांबल्यावर काढतात. आणि दुसरा स्विच तेवढा वेळ सारा भार सोसतो आहे, याची खात्री झाल्यावरच पहिल्यास हात लावतात.