आम्स्टरडॅम : होडीतून दिसणारे आणि न दिसणारे

आम्स्टरडॅम पाहावे ते पाण्यातून, असे म्हणतात आणि ते खोटे नाही. गाडीघोड्यांच्या सोयीसाठी हे शहर वसलेलेच नाही. माल होडीतून यावा, घराच्या दाराशी उतरावा आणि माळ्याच्या आकड्याला दोर लावून वर चढवावा, या हिशेबाने त्याची आखणी झालेली. म्हणून आम्हीही एक दिवस तिकीट काढून काचेच्या छपराच्या होडीत जाऊन बसलो. कानाला लावायचे एक यंत्र देतात. ते डावीउजवीकडचे वाडे, त्यांचे मालक आणि त्यांची दौलत यांची माहिती सांगत राहते. ते वाडे बांधले कोणी, हे मात्र ते सांगत नाही. ते आपले आपण शोधावे लागते, आणि आमचा जन्म कामगारांत गेल्यामुळे ती खोड आम्हांला आहे.

होडी रेल्वे स्थानकासमोरून निघाली की लौकरच एक जुना बुरूज लागतो. समुद्रावर जाणाऱ्या खलाशांच्या बायका येथे उभ्या राहून रडत, म्हणून हा रडणाऱ्यांचा बुरूज, असे लोक सांगतात. जाणकारांचे म्हणणे असे की ते नाव तटाच्या तीक्ष्ण कोनावरून पडले. नाव कशावरूनही पडो, रडायला कारण होते. १६०२ साली निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून दोन शतकांत दहा लाखांच्या आसपास माणसे पूर्वेकडे गेली आणि परत आली ती निम्म्याहूनही कमी. याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष आजही तेथे आहेत. तेव्हा वेंगुर्ल्याच्या बंदरात ज्या हमालांनी ओझी वाहिली, त्यांच्या मेहनतीचा काही वाटा या वाड्यांच्या भिंतींत आहे, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांनी ती अतिशयोक्ती समजू नये. गुलामांच्या व्यापारातूनही पैसा आला. त्याबद्दल शहराच्या महापौरांनी २०२१ साली जाहीर माफी मागितली. माफी मागायला वेळ बराच लागला, पण मागितली.

पुढे हेरेनग्राख्त, म्हणजे बड्या लोकांचा कालवा. त्याला समांतर सम्राटाच्या नावाचा एक आणि राजपुत्राच्या नावाचा एक. हे खणायला १६१३ साली सुरुवात झाली. तेव्हा शहर झपाट्याने वाढत होते. १६२२ च्या गणतीत वस्ती एक लाखाच्या वर भरली. खणणारी यंत्रे नव्हती. फावड्याने चिखल उपसायचा, भराव करायचा, आणि त्या भरावावर घर उभे करायचे तर खाली आधी लाकडी खांब ठोकायचे. वरची जमीन सगळी दलदल. भक्कम वाळूचा थर दहाबारा मीटर खाली. एकेका खांबामागे तीसचाळीस माणसे दोर धरून एक जड ठोकळा वर ओढीत आणि खाली सोडीत. ताल चुकू नये म्हणून गाणे म्हणत, जसे आपल्याकडे रूळ उचलताना गँगवाले म्हणतात. धरण चौकातला राजवाडा मुळात नगरपालिकेची कचेरी म्हणून १६४८ साली बांधायला घेतला. त्याच्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. खांबांचा आकडा शहरातल्या शाळकरी पोरांना पाठ असतो. ठोकणाऱ्यांचा आकडा कोणी ठेवला नाही. हे लाकूड पाण्याखाली असते तोवर कुजत नाही. वारा लागला की गेले. म्हणून कालव्यांतले पाणी आजही एका ठरावीक पातळीला राखावे लागते.

प्रिन्सेनग्राख्तात होडी शिरली की एका बाजूला जॉर्डान हा भाग लागतो. त्याच १६१३ च्या आखणीत हा भाग मजूर, चांभार, रंगारी, कातडी कमावणारे यांच्यासाठी. श्रीमंतांच्या बाजूला कालवे प्रशस्त आणि रेखीव. इकडे शेतातले जुने चर होते त्याच रेषेत अरुंद कालवे आणि त्यांच्या काठी दाटीची घरे. होडी आत वळत नाही, कारण आत वळायला पाणीच फारसे उरले नाही. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधीचे कारण सांगून यांतले बरेच कालवे बुजवले. रोझेनग्राख्त १८८९ साली बुजवला. त्याच्याच काठी दिवाळे निघालेला रेम्ब्रांट शेवटची वर्षे राहिला, आणि १६६९ साली वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या थडग्यात गेला. त्या चर्चचा मनोरा मात्र होडीतून छान दिसतो.

लिंडेनग्राख्त १८९५ साली बुजवला. त्याची हकीकत सांगायलाच हवी. कालव्यावर आडवा दोर बांधायचा, त्याला जिवंत वाम मासा लटकवायचा आणि होडीतून जाता जाता तो ओढून काढायचा, असा गरिबांचा एक खेळ होता. खेळ क्रूर खराच, आणि त्याला बंदीही होती. २५ जुलै १८८६ रोजी, रविवारी, पोलिसांनी तो दोर कापला. त्यावरून दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी लष्कराने गोळीबार केला आणि २६ माणसे मेली. एका माशासाठी एवढी माणसे मरत नाहीत. बेकारी होती, तळघरांत ओल होती, घरांत उपासमार होती. सरकारने मात्र समाजवाद्यांकडे बोट दाखवले. ही रीत आम्हांला चांगली परिचयाची आहे.

प्रिन्सेनग्राख्तावर २६३ क्रमांकाचे घर आहे. ॲन फ्रँक ही मुलगी जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत तेथे लपून होती. होडीतले सगळे जण तेथे गप्प झाले. तिच्याविषयी पुष्कळांना माहीत आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

त्या घरापासून थोडे पुढे नोर्डरमार्क्टचा चौक आहे. होडी न थांबता पुढे जाते. आम्ही मात्र फेरी संपल्यावर पायी तेथे परत गेलो. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पोलिसांनी ज्यूंच्या वस्तीत धाड घालून चारशेच्या वर तरुण पकडून नेले. हीच हिरेकामगारांची वस्ती. त्यांच्या संघाने १९११ साली आठ तासांचा दिवस मिळवला होता. २४ तारखेच्या संध्याकाळी या चौकात उघड्यावर सभा भरली. बोलावणारे होते बंदी आलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. त्यांत विलेम क्रान हा रस्त्यावर काम करणारा आणि पीट नाक हा रस्ते झाडणारा, असे नगरपालिकेचे दोन कामगार पुढे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राम बाहेर पडल्या नाहीत. ट्राम नाही म्हटल्यावर शहराला निरोप आपोआप पोचला. गोद्या थांबल्या, कारखाने थांबले, दुकाने मिटली. मजुरीवाढ नाही, बोनस नाही. शेजाऱ्यांना पकडून नेले एवढ्यासाठी हा संप. संप घडवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला विचारा. स्वतःच्या भाकरीसाठीही माणसे जमवताना घसा कोरडा पडतो. येथे तर समोर परकी फौज, आणि हातात एका रात्रीत छापलेली पत्रके.

संप दोन दिवस चालला. गोळीबार झाला, माणसे मेली. क्रानला १९४२ साली गोळ्या घातल्या. पकडून नेलेल्या तरुणांपैकी जवळजवळ कोणीच परत आले नाही.

जेथे त्यांना गोळा केले त्या योनास डॅनियल मायर चौकात १९५२ पासून गोदी कामगाराचा एक पुतळा उभा आहे. मारी आंद्रीसन या शिल्पकाराचे काम. अंगाने आडवा, बाह्या वर सारलेल्या, हात रिकामे. दर वर्षी २५ फेब्रुवारीला लोक तेथे रांगेने येऊन फुले ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, चौकाच्या कडेने ट्राम जात होती, आणि पायथ्याशी कोणीतरी ठेवलेली फुले वाळली होती.