गाठ कुणावर मारायची?

चेटूकपरंपरेचा वारसा सांगणाऱ्या विक्का पंथाच्या विधींमध्ये दोरीला मोठा मान आहे. दीक्षा घेणाऱ्याचे हात दोरीने बांधतात, विवाहात जोडप्याच्या मनगटांभोवती दोरी गुंडाळतात आणि एखादे नाते किंवा दुःख मागे टाकायचे असेल तर दोऱ्याची गाठ सोडतात, दोरा कापतात किंवा जाळतात. हे विधी ख्रिस्तपूर्व युरोपातून अखंड चालत आले आहेत, असे पंथातले अनेक जण मानत आले. जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याने ते विसाव्या शतकात रचले, असे टीकाकार सांगतात. वाद विधींच्या वयावर अडकतो आणि त्यांतला सर्वांत मोठा बदल नजरेआड होतो. युरोपच्या इतिहासात गाठ बहुतेक वेळा दुसऱ्यावर मारली जात असे, तीही त्याच्या नकळत. विक्काने ती माणसाला स्वतःवर, स्वतःच्या संमतीने मारायला लावली. ही उलथापालथ विसाव्या शतकातली आहे, आणि माझ्या मते या पंथाची खरी कमाई तीच आहे.

जुने पुरावे पाहिले की हे स्पष्ट होते. रोमन कवी व्हर्जिलच्या आठव्या गोपगीतातली स्त्री तीन रंगांच्या धाग्यांना गाठी मारवते, कारण शहरात गेलेला प्रियकर तिला परत हवा आहे. त्याची इच्छा कुणी विचारत नाही. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये नवरदेवाला नपुंसक करण्यासाठी लग्नाच्या वेळी कुणीतरी गुपचूप नाडीला गाठ मारते, ही भीती घरोघरी होती. १५८० साली चेटकाविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या जाँ बोदँने नोंदवले आहे की, अशी गाठ मारण्याचे पन्नासहून अधिक प्रकार त्याला एका बाईने सांगितले. स्कॉटलंडमधल्या लोजिरेट गावात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विवाहविधी सुरू होण्याआधी वधूवरांच्या अंगावरची प्रत्येक गाठ सोडून घेत, अगदी बुटांच्या नाड्यासुद्धा. उत्तरेकडचे मांत्रिक खलाशांना तीन गाठींची दोरी विकतात, असे स्वीडिश लेखक ओलाउस माग्नुसने १५५५ साली लिहिले. पहिली गाठ सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी सोडली की वादळ. प्रियकर असो, नवरदेव असो वा वारा, बांधला जाणारा नेहमी दुसराच.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गाठ सोडून मोकळे होण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपे उघडायची, ही चाल युरोपभर होती. प्रसूतीच्या वेळी जवळ बसून बोटांत बोटे गुंतवू नयेत, असे रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवले आहे. आक्षेप खरा आहे, पण त्या सुटकेचे स्वरूपही पाहिले पाहिजे. तिथे अडलेले असते ते शरीर, आणि गाठी सोडणारे असतात आसपासचे लोक. एखाद्या व्यक्तीविषयीची ओढ किंवा जुना राग मनातून जावा म्हणून माणसाने स्वतः गाठ सोडावी, हा हेतू या चालींत दिसत नाही. उलट, गाठ टिकली तर जीव वाचेल हा विश्वासही दिसतो. १५७२ साली सेंट अँड्र्यूजमध्ये चेटकीण ठरवून जाळायला नेलेल्या एका बाईच्या अंगावरून गाठी मारलेल्या दोऱ्यांचे पांढरे वस्त्र काढून घेतले, तेव्हा आता आपली काही आशा उरली नाही, असे ती म्हणाली.

दुसरा आक्षेप सातत्याचा. व्हर्जिलपासून आजपर्यंत गाठी दिसतात, मग परंपरा अखंड नाही कशी? दोन काळांत एकसारखी गोष्ट दिसली म्हणजे ती हातोहात पोचली असे होत नाही. १८७८ साली सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावी एक जुने घर पाडताना छपराखाली काही झाडू, एक जुनी खुर्ची आणि पिसे खोवलेली साधारण दीड मीटर लांबीची दोरी सापडली. मजुरांनी तिला चेटकिणीची शिडी म्हटले. मानववंशशास्त्रज्ञ ई. बी. टायलर यांनी १८८७ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत ती दाखवली, तेव्हा श्रोत्यांपैकी दोघे उठून म्हणाले की, शिकारीत हरणांना वळवायला अशी पिसांची दोरी वापरतात. टायलर यांची खात्री डळमळली. तरी ‘चेटकिणीची शिडी’ हे नाव राहिले, १८९३ च्या एका कादंबरीत तिचे सविस्तर वर्णन आले, आणि आज विक्काच्या पुस्तकांत गाठी मारलेली, पिसे लावलेली शिडी करण्याची कृती मिळते. मूळ दोरी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे. तिचा उपयोग काय होता, हे सिद्ध झालेले नाही. परंपरा मागून येतात तशा पुस्तकांतूनही उगवतात, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

गार्डनर यांच्या दीक्षाविधीतही असे उसने धागे दिसतात. त्यांची नोकरी सिलोन, बोर्निओ आणि मलायात गेली. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. ते फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे सभासद होते. डोळ्यांवर पट्टी आणि गळ्यात दोर घालून उमेदवाराला आत आणण्याची मेसन लोकांची पद्धत त्यांच्या दीक्षेत जवळजवळ तशीच उतरली. पण तिच्यातला एक भाग वेगळा आहे. उमेदवाराचे माप दोऱ्याने घेतात: आधी डोक्यापासून पायापर्यंत, मग कपाळाभोवती, छातीभोवती, कमरेभोवती, आणि प्रत्येक घेराला एक गाठ. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही आजाऱ्याचे माप दोऱ्याने घेत. तेवढ्या लांबीची वात करून मेणबत्ती घडवत आणि ती संताच्या थडग्यावर वाहत. तिथे माप नवसासाठी होते. गार्डनर यांच्या मंडळात ते ओलीस होते. दोरा मंडळाच्या ताब्यात राहायचा, म्हणजे सभासद गुपिते फोडणार नाही.

आणि इथेच वळण आले. विक्काच्या, अॅलेक्स सँडर्स यांनी काढलेल्या शाखेत, त्याच विधीत, माप घेऊन झाल्यावर तो दोरा उमेदवाराला परत देण्याचा प्रघात पडला. स्ट्यूअर्ट फॅरार यांच्या १९७१ च्या पुस्तकात या शाखेचे विधी तपशिलाने आले आहेत. पूर्वी माप ठेवून घेत, आता धाक दाखवण्याची गरज नाही, हा त्यामागचा भाव. गार्डनर यांच्यानंतर फार वर्षे न लोटता धाकाची दोरी विश्वासाची झाली. विवाहाची कथाही अशीच. वर्ष आणि एक दिवसाच्या प्रयोगविवाहाची स्कॉटिश चाल मुख्यतः प्रवासवर्णनांनी आणि वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीने लोकप्रिय केली. ए. ई. अँटन या अभ्यासकाने १९५८ साली दाखवून दिले की, हात धरून शब्द देणे हा तिथे वाङ्निश्चयाचा प्रकार होता आणि अशा प्रयोगविवाहाला आधार नाही. पंथीयांनी मात्र ती कथा घेतली आणि तिच्यातून खरा विधी उभा केला. दोघे आपणहून मनगटे पुढे करतात, आणि नाते संपले तर दोघांनी मिळून गाठ सोडण्याचा वेगळा विधीही आहे.

दोरा कापून नाते मागे टाकण्याच्या विधीत आणखी एक प्रवाह मिसळला. फिलिस क्रिस्टल यांनी १९८२ च्या पुस्तकात, माणसांना आपल्याशी जोडणारे अदृश्य बंध मनोमन पाहून कापण्याची पद्धत मांडली. त्या विक्काच्या नव्हत्या, पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांच्या भक्त होत्या. आजच्या विधीतल्या कात्रीमागे चेटकिणीपेक्षा मानसोपचाराची आणि नवअध्यात्माची भाषा अधिक आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. आजही पंथात दुसऱ्याला ‘बांधण्याचे’ विधी होतात, २०१७ साली तर अमेरिकेच्या अध्यक्षांविरुद्ध असा विधी जाहीरपणे केला गेला. मग बदल झाला कुठे? बदल झाला आहे, कारण अशा विधींवर आता पंथातूनच हरकत घेतली जाते. दुसऱ्याच्या इच्छेत ढवळाढवळ करावी का, हा प्रश्न तिथे खुला वादविषय आहे. व्हर्जिलच्या कवितेतल्या स्त्रीला तो पडतच नाही. म्हणून या विधींना प्राचीन म्हणून डोक्यावर घेण्याची गरज नाही आणि नवे म्हणून फेकून देण्याचीही नाही. प्रत्येक विधी कधीतरी पहिल्यांदा झालेला असतो. त्याची पारख दोन प्रश्नांनी करावी: गाठ कुणावर पडते आणि ती सोडण्याचा अधिकार कुणाकडे राहतो? या कसोटीवर विक्काची दोरी तिच्या पूर्वजांहून सरस आहे, आणि पंथीयांनी वयाच्या दाव्यापेक्षा याच गोष्टीचा अभिमान बाळगावा.