झडपेतला वारा: बाहेर की माघारी?

नसरापूरहून वेल्ह्याच्या वाटेला लागले की मार्गासनीपाशी राजगडाकडे जाणारा रस्ता फुटतो. सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून पुण्याच्या मोटारी इकडे वळतात. त्यांतली एखादी गिअर बदलताना ‘फुस्स’ असा मोठा सुस्कारा टाकते. तरुण मंडळींना हा आवाज फार प्रिय. हा सुस्कारा मोटारीने बाहेर टाकावा की आतल्या आत गिळावा, असा वाद मोटारींच्या जगात बराच काळ चालू आहे. त्याची मुळे शोधण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली एक पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबावयाची, ही त्याची कल्पना. हाच टर्बोचार्जर. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या शिखरावर नेले. आपल्या तोरण्यासारखे तीन गड एकावर एक रचावेत, एवढी त्या शिखराची उंची. तेथल्या विरळ हवेत इंजिनाची शक्ती ३५० वरून २३० अश्वशक्तीवर आली होती. टर्बोचार्जर जोडताच ती ३५६ झाली.

आपल्याकडे हे यंत्र आले ते मुख्यतः डीझेलच्या मागून. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी रेल्वेवर डब्ल्यूडीएम-२ ही टर्बोचार्जर असलेली डीझेल इंजिने आली. १९९८ साली टाटा कंपनीची सफारी टर्बो-डीझेलवर धावू लागली. टर्बोची बारीक शीळ पुणेकरांच्या कानावर होती, पण तो सुस्कारा मात्र नव्हता. याचे कारण साधे आहे. जुन्या डीझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर दारच नसते. शक्ती कमीजास्त होते ती इंधन कमीजास्त करून.

पेट्रोल इंजिनाला असे दार असते. त्याला थ्रॉटल म्हणतात. चालकाने पाय उचलला की ते मिटते. इकडे टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेत हवा ढकलतच असते. कालव्याचे दार एकदम पाडल्यावर पाणी जसे मागे उसळते, तशी ही हवा उलटून चक्रावर आदळते. चक्राचा वेग तुटतो, बेअरिंगला धक्के बसतात. म्हणून मध्ये एक झडप बसवली. ही झडप कोंडलेली हवा सोडून देते. ती कोठे सोडावी, एवढाच प्रश्न उरला.

आमच्या मते या वादाचे मर्म हवेच्या हिशेबात आहे. १९७३-७४ च्या सुमारास जर्मनीच्या बॉश कंपनीने आत येणारी हवा मोजून तेवढ्याच मापाने पेट्रोल देणाऱ्या पद्धती आणल्या. १९७४ साली पुढे आलेल्या पोर्शच्या टर्बो मोटारीत यांपैकीच एक पद्धत होती. आता असे पाहा: हवा टर्बोच्या आधीच मोजली गेली, तिच्यासाठी पेट्रोलही सोडले गेले, आणि मग झडपेने ती हवा बाहेर टाकली. पेट्रोल आले, पण त्याच्या वाट्याची हवा गेली! इंजिन अडखळते, काळा धूर येतो, घाटातल्या वळणावर गाडी बंदही पडते. तीच हवा मापकाच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी परत नेली तर हिशेब जुळतो. परत फिरवण्याची रीत कारखानदारांनी उचलली ती यासाठी.

बाहेर सोडण्याचा पक्ष अगदीच निराधार नाही. काही इंजिने आत येणारी हवा न मोजता, थ्रॉटलपलीकडच्या नळीतला दाब व उष्णता पाहून पेट्रोल ठरवतात. तेथे वाटेतली हवा सुटली तरी हिशेब बिघडत नाही. शर्यतीच्या गाड्यांत तर आवाजाची कोणी पर्वाच करीत नाही. रॅलीतल्या त्या गाड्यांचे सुस्कारे ऐकूनच ही हौस रस्त्यावर उतरली. परत नेलेली हवा गरम असते म्हणून शक्ती घटते, हा युक्तिवाद मात्र आम्हांला पोकळ वाटतो. ज्या क्षणी चालकाने शक्ती नको म्हणून पाय उचलला, त्या क्षणीची ही गोष्ट आहे!

हिशेबाची अडचण नसतानाही कारखानदार हवा माघारीच नेतात, त्याला आणखी कारणे आहेत. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ टर्बोच्या तोंडाशी आणून सोडलेली असते. हवेबरोबर तीही बाहेर पडते. शिवाय आवाज आहेच. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या अशाच चाचण्या घेते. धुराची व आवाजाची मानके मोडून गाडी चालवणे हा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० खाली गुन्हा आहे.

चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आणि रांजणगावची नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली. तेव्हापासून टर्बो-पेट्रोल मोटार आपल्या जिल्ह्यात घरोघरची होऊ लागली, आणि झडप बदलून देणारेही भेटू लागले. झडप बदलण्यापूर्वी बॉनेट उघडून एवढे पाहावे: एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीवर हवेचे मापक आहे काय? असेल, तर ती हवा बाहेर सोडू नये.